यंत्राचा प्रश्न आणि वैनीची शपथ

न कळणाऱ्या भाषेत कुणी तुम्हाला प्रश्न विचारला आणि घाबरून तुम्ही मान हलवली, तर तो तुमचा होकार झाला का?

घाईनं उत्तर देऊ नका. हा प्रश्न मी बँकेत विचारला, वकिलांना विचारला, घरी आण्णांनाही, म्हणजे माझ्या वडिलांनाही, विचारला. उत्तरं मिळाली. पण तोवर माझी वैनी आमचं घर सोडून लोहाऱ्याला, तिच्या माहेरी, निघून गेली होती. ती अजून तिथंच आहे.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सोनारीपासून जवळ. आण्णांची शेती थोडी आणि पत्रकं उदंड. रेशनच्या दुकानात माप मारलं, काढा पत्रक. शाळेच्या खोलीवर पत्रे नाहीत, काढा पत्रक. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पातळ गुलाबी कागदांवर. माझ्या वह्यांना कव्हरं उरलेल्या पत्रकांची असत, त्यामुळं वर्गात पोरी मला ‘जाहीर निषेध’ म्हणून चिडवायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा. अन्यायाला नाव दिलं, ते छापलं आणि वाटलं की अर्धी लढाई जिंकली, असं आमच्या घरात मानत.

दादा माझ्याहून मोठा. आयटीआयमधून एसी दुरुस्ती शिकला आणि आखातात गेला. आमच्या भागातून बरीच पोरं अशी गेलेली आहेत आणि जवळजवळ सगळी एक गोष्ट करतात. तिकडच्या पगाराच्या खात्याचं कार्ड पहिल्या सुट्टीत घरी आणून ठेवतात आणि पिन बायकोला सांगून परत जातात. कारण साधं आहे. पैसे पाठवायचे तर तिकडं कँपातून शहरात जायचं, सुट्टीचा एकुलता एक दिवस रांगेत घालवायचा. त्यापेक्षा कार्डच घरी असलं की पगार झाल्याबरोबर बायकोनं परंड्यात जाऊन यंत्रातून काढायचे. दिरहम खात्यातून जातात, रुपये हातात येतात. धाडणारा एजंटच पोरांना हे शिकवतो. दादानंही तेच केलं. कार्ड वैनीच्या हातात देताना म्हणाला, “हे कार्ड न्हाय, म्या हाय असं समज.”

वैनीनं ते खरंच तसं सांभाळलं. देवघरातल्या डबीत ठेवायची.

पगाराचा दिवस म्हणजे आम्हा दोघींची जत्रा. दादाचा फोन आला की वैनी मला हाक मारायची.

“वन्सं, उठा. साहेबांचा पगार झाला.”

मी तिच्याहून लहान, तरी ती मला अगदी रीतीनं वन्सं म्हणायची आणि त्यातच तिची थट्टा असायची.

“मला कॉलेजला जायचंय, वैनी.”

“कॉलेज काय पळून जातंय व्हय? यंत्रातलं पैसं संपलं म्हंजी मग निषेध करत बसा.”

मग आम्ही जीपनं परंड्याला. बाजारात एका गाळ्यात ते यंत्र होतं. काचेचं दार नीट लागत नसे, आतल्या गारव्याला एक कुत्रं कायम झोपलेलं. एका वेळी एकानंच आत जावं अशी पाटी होती, म्हणून मी दार धरून बाहेर उभी राहायची आणि वैनी कुत्र्याला ओलांडून आत जायची. पिन दाबताना तिचे ओठ हलायचे. ती लोहाऱ्याकडची, तिच्या आईची बोली कानडी. घाबरली की तिच्या तोंडात आकडे कानडीतच यायचे. ओंदु, एरडु, मूरु. पैसे खडखडले की वळून माझ्याकडं बघून हसायची, जसं काही परीक्षेचा पेपर सोपा गेला. नंतर भजी, मग आईसाठी पानाची जुडी, आण्णांसाठी पेपर, आणि घर.

यंत्र कसं चालवायचं हे वैनीला शेजारच्या काकूंनी शिकवलं होतं. काकूंचे मालक आधी तिकडं राहून आलेले. त्यांचं कार्ड एकदा यंत्रानं गिळलं होतं. बहुतेक त्या गोंधळून फार वेळ थांबल्या असतील, पण त्यांच्या मनात बसलं ते असं, की आपण ‘नको’चं बटण दाबलं म्हणून यंत्र रागावलं. नवं कार्ड तिकडून येईपर्यंत त्यांच्या घरी उधारीवर दिवस काढावे लागले. तेव्हापासून गावातल्या सगळ्या आखातवाल्यांच्या बायकांना त्यांचा एकच सल्ला: “परदेशी कार्ड घातलं की मराठी येत न्हाय, सगळं विंग्रजीच येतं. भ्यायचं न्हाय. ते काहीबी विचारू दे, आपुन हो म्हणायचं. नको म्हटलं की पैसं बी गेलं आन् कार्ड बी गेलं.”

वैनी दहावी झालेली. इंग्रजी अक्षरं लावायची, पण वाक्याचा अर्थ लागेपर्यंत पडदा बदलून जायचा. म्हणून ती दर वेळी हो म्हणायची.

फरक पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्ही हसलो होतो.

फोन स्पीकरवर होता. दादानं विचारलं, “किती काढलेस?”

“धा हजार. वन्संसमोर.”

“मला तर जास्तीचे कटल्याचा मेसेज आलाय. इथला आजचा भाव धरला तर वर सहा-सातशे दिसत्यात.”

“मग यंत्रानं भजी खाल्ली असतील,” वैनी म्हणाली. दादा तिकडं खो खो हसला.

पुढच्या खेपेला तो हसला नाही. “परत तेवढंच वर गेलंय गं.” त्याच्या पुढच्या खेपेला त्याचा सूर बदलला होता. त्याच्या खोलीत राहणारा एक जण होता. माणूस वाईट नसेल, पण त्याचं स्वतःचं काहीतरी बिनसलेलं होतं. त्यानं दादाला सांगितलं, की घरच्या बायका वरचे पैसे माहेरी धाडतात, सगळ्यांचं असंच आहे. परक्या मुलखात, लोखंडी पलंगावर पडल्या पडल्या ऐकलेलं वाक्य माणसाच्या डोक्यात कसं रुजतं ते मला माहीत नाही. ते रुजलं एवढंच मला माहीत आहे.

“माहेरी काय अडचण हाय का?” त्यानं एकदा वैनीला विचारलं.

“न्हाय. का बरं?”

“असली तर सांग की. लपवून कशाला?”

वैनी हळू म्हणाली, “अवो, तुम्ही मला काय इचारताय ते तुम्हाला कळतंय का?”

तो दुसरंच काही बोलू लागला. पण त्यानं त्याच आठवड्यात आईला फोन केला. आईला पैशाचं फार काही नव्हतं. तिच्या मनात दुसरीच एक जुनी अढी होती, तिला आता निमित्त मिळालं. वैनी तिच्या आईशी कानडीत बोलायची.

“कानडीत काय सांगतीस गं घडीघडी? आमाला कळू नये म्हणून?”

“आईला मराठी नीट येत न्हाय, आत्या.”

“तुला येतंय की. का पैशाच्या गोष्टी कानडीतच कराव्या लागत्यात?”

मी भांडले. आमच्या घरात भांडायला मला कुणी कधी अडवलं नाही. मी म्हटलं, मी स्वतः दार धरून उभी असते, माझ्यादेखत नोटा निघतात, मोजूनच आम्ही तिथनं निघतो. दादा फोनवरून म्हणाला, “तू तिचीच बाजू घेणार. तुमच्या दोघींचं गूळपीठ काय मला म्हाईत न्हाय?” म्हणजे साक्षीदार होता, पण तो आवडता असल्यामुळं चालेना.

मला खरी आशा होती ती आण्णांची. ज्या माणसानं आयुष्यभर दुबळ्याच्या बाजूनं कागद छापले, तो सुनेच्या बाजूनं एक शब्द बोलेल. आण्णांनी तिला समोर बसवलं आणि फार मऊ आवाजात म्हणाले, “पोरी, हिशेब मागणं म्हणजे संशय न्हाय. मी सरपंचालाबी मागतो. ज्याच्याकडं काही लपवायला न्हाय त्यानं हिशेब द्यायला कचरू नये.”

वैनी म्हणाली, “सरपंचाला तुम्ही ववाळून घरात घेतलं न्हाय, आण्णा.”

तरी आण्णांनी तत्त्व सोडलं नाही. तत्त्व सोडणं त्यांना जमतच नाही, आणि ती गोष्ट मी कितीतरी वर्षं त्यांचा मोठेपणा म्हणून सांगत आले.

मग घरचे यंत्राची पावती मागू लागले. यंत्रात कागदच नसायचा. ‘पावती मिळणार नाही’ एवढं ते यंत्र इंग्रजीत सांगायचं आणि वैनी त्यालाही हो म्हणायची.

मग सोनारी. आमच्या घराण्यात जुनी रीत आहे, की वाद काही केल्या मिटेना तर काळभैरवनाथाच्या पायरीवर उभं राहून बोलायचं आणि तिथं जे बोललं जाईल ते खरं धरायचं. आजोबांच्या वेळी बांधाचा एक वाद असा मिटला होता म्हणतात. आईनं ते काढलं. आण्णांचा देवावर विश्वास नाही, एरवी त्यांनी अशा गोष्टीवर दोन पत्रकं काढली असती. त्या दिवशी ते म्हणाले, “तिच्या मनाला पटत असंल तर आपण आडवं का यावं?” तिच्या मनाला! तिला कुणी विचारलंच नव्हतं.

सकाळची वेळ होती. दर्शनाला बरीच माणसं आली होती, बाहेरगावच्या गाड्या लागल्या होत्या, नारळाच्या शेंड्या पायाखाली येत होत्या. दादानं तिकडून कामावरून थोडी सुट्टी काढली होती आणि तो व्हिडिओ कॉलवर होता. फोन आईच्या हातात. आईला तो नीट धरता येत नव्हता, त्यामुळं दादाचं कपाळ तेवढं दिसत होतं, मागं पिवळं हेल्मेट लटकलेलं. गावातले चार लोक ओळखीचे निघाले, ते काय चाललंय म्हणून थांबले. शेजारच्या काकूही होत्या.

वैनीनं पदर डोक्यावर घेतला, पायरीवर हात ठेवला आणि बोलली.

“ना ओंदु रूपायीनू तगोंडिल्ला.”

मी एक रुपयाही घेतलेला नाही. तिच्या नकळत ते कानडीत आलं होतं. यंत्रासमोर आकडे यायचे तसंच. मला तेवढं कानडी तिनंच शिकवलेलं होतं, म्हणून मला कळलं.

आई म्हणाली, “मराठीत बोल. आमाला कळंल असं बोल. असली शपथ धरायची न्हाय.”

थांबलेल्या माणसांपैकी कुणीतरी हसलं. वैनीनं फोनकडं बघितलं. ती वाट बघत होती, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं. एवढंच, की त्या कपाळाखालचं तोंड बोलेल, ‘राहू दे आई, मला पटलं.’ दादाला तिचं कानडी कळत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो तिच्याकडून हौसेनं शिकलेला. तो काही बोलला नाही.

वैनीनं मराठीत पुन्हा सांगितलं. शब्द नीट, एकेक. मग कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं, आईच्या हातात दिलं, म्हणाली, “झालं न्हवं?” आणि गर्दीतून चालू लागली. मी मागं पळाले. परंड्याच्या जीपमध्ये ती बसली होती.

“वैनी, घरी चला.”

“वन्सं, कपड्याची पिशवी तेवढी कुणाच्या तरी हाती धाडा. बार्शीहून तुळजापूर गाठते, तिथनं लोहाऱ्याची गाडी मिळंल.”

“मी येते तुमच्याबरोबर.”

“नगं. तुम्ही आलात तर म्हणतील, हिलाबी फितवली.”

जीप भरायची वाट बघत थांबली होती. माझ्याकडं त्या वेळी शब्द नव्हते. सगळ्या जगावर बोलायला शिकलेली मी.

कार्ड माझ्याकडं आलं, कारण आईला यंत्राची भीती वाटायची; पिन दादानं फोनवर सांगितला. पुढचा पगार झाला तेव्हा मी एकटी परंड्याला गेले. काकूंचाच धडा माझ्याही डोक्यात होता. दार लोटलं, कुत्रं ओलांडलं, आणि पडदे भरभर पुढं ढकलत मीही हो म्हणत गेले. दहा हजार निघाले. बाहेर आले तोच दादाचा फोन.

“किती काढलेस?”

“दहा.”

तो म्हणाला, “नीट सांग. दहाच ना?”

“दहाच, दादा.”

“मला परत तेवढंच वर गेलेलं दिसतंय गं. तू…” आणि तो थांबला. तो पुढचं वाक्य बोलू शकला नाही. बहिणीला चोर म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. बायकोच्या वेळी ती रेटली होती. बाजारात उन्हात उभी राहून मी त्याचा श्वास ऐकत होते आणि आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळत होतं, की काय होऊन बसलंय.

मी फोन ठेवला आणि पुन्हा आत गेले. या वेळी घाई केली नाही. मागं दाराशी एक गृहस्थ उभे होते, ते म्हणाले, “ओ ताई, आत्ताच तर काढले की.” मी म्हटलं, “काका, आज वाचायला आलेय.”

रक्कम टाकल्यावर एक पडदा आला. तो मी मघाशी बघितलाच नव्हता. त्यावर लिहिलं होतं, की तुमच्या खात्यातून इतके दिरहम जातील, भाव हा, हे रूपांतर तुम्हाला मान्य आहे का? एका बाजूला मान्य. दुसऱ्या बाजूला रूपांतराशिवाय पुढं जा. खाली बारीक अक्षरांत, या भावात आमची वाढ धरलेली आहे, अशा अर्थाची ओळ. ते यंत्र स्वतःच्या भावानं पैसे बदलून देत होतं आणि त्या बदलण्याची मजुरी भावातच मुरवून घेत होतं. नको म्हटलं असतं तर दादाच्या बँकेनं तिच्या भावानं बदलले असते.

मी ‘शिवाय’ दाबलं. मलाही वाटत होतं आता कार्ड जाणार. पैसे आले. तेवढेच, दहा हजार. कार्डही आलं. पाठोपाठ दादाचा मेसेज आला. या खेपेचा फरक अगदी किरकोळ, त्याच्या बँकेच्या आकारणीएवढा. खाली त्यानं फक्त लिहिलं होतं, ‘तिला सांगशील का?’

मी आधी तिला सांगायला गेले नाही. मी आधी लढायला गेले. मी तशीच वाढलेय.

बँकेतल्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग विचारलं, “पडद्यावर विचारलं होतं ना?”

“इंग्रजीत.”

“विचारलं होतं. आणि मान्य दाबलं. मग छुपं काय राहिलं, मॅडम? ही ग्राहकाची संमती आहे.”

“जिनं दाबलं तिला ते वाचता आलं नाही.”

“कार्ड कुणाच्या नावावर आहे?”

“भावाच्या.”

“मग पिन तुमच्या वहिनींना कसा माहीत? तुम्हाला कसा माहीत?” ते रागानं बोलत नव्हते, उलट जरा वाईट वाटल्यासारखे बोलत होते. “तक्रार लिहिलीत तर पहिल्या ओळीतच नियम तुम्ही मोडलेला दिसतो.”

धाराशिवला एका वकीलबाईंकडं गेले. त्यांनी जरा जास्त खोलात समजावलं. अशी आकारणी मुळातच बेकायदा म्हणता येत नाही, त्या म्हणाल्या. पर्याय दिला, भाव दाखवला, की ते आपले हात वर करतात. भांडायची जागा एकच: दाखवणं म्हणजे समजावणं का? ज्या भाषेत दाखवलं ती समोरच्याला येत नसेल, नको म्हटल्यानं व्यवहार बंद पडत नाही हे कुठं लिहिलेलंच नसेल, तर त्या संमतीत दम किती? “भांडण्यासारखं आहे. पण भांडणार कोण? कार्ड ज्याचं त्यानं तक्रार करायची. तो तिकडं. आणि करायला गेला तर कार्ड दुसऱ्याला दिलं हे आधी कबूल करायचं.”

बसमध्ये येताना मी रडले नाही, मला संताप आला होता. वैनी पायरीवर तिच्या स्वतःच्या भाषेत बोलली, ते आमच्या घरानं धरलं नाही. आणि जी भाषा तिची नव्हतीच, त्या भाषेत तिनं यंत्रापुढं जे केलं, ते मात्र जगानं तिची संमती म्हणून धरलं. तिचं खरं कुणाला चाललं नाही आणि तिची भीती सगळ्यांना चालली. यंत्रानं चोरी केली नाही, असं कायदा म्हणतो. ठीक आहे. मग आमच्या घरात वर्षभर चोर कोण होतं?

आण्णांनी पत्रक काढलं. मथळा मोठा, उद्गारचिन्हं तीन. परदेशी कार्डधारकांनो सावध व्हा. नको म्हणा, नको म्हणणं सुरक्षित आहे. फार चांगलं पत्रक होतं, खोटं कशाला बोलू. गावोगावच्या बायकांनी ते जपून ठेवलं. काकूंनी ते वाचून घेतलं आणि कपाळाला हात लावून बसल्या. मी ते पत्रक आणि दादाचा निरोप घेऊन लोहाऱ्याला गेले.

वैनी एका दुकानात ब्लाउज शिवायला लागली होती. मला बघून उठली, मशीनवरचं कापड बाजूला केलं. “वन्सं, वाळलात की. परीक्षा हाय व्हय?”

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता हसायला लागली.

“म्हंजी यंत्र चोर?”

“कायद्यानं न्हाय.”

“आगं बया. मग कायद्यानं चोर कोण?”

“कुणीच न्हाय.”

“कुणीच न्हाय,” तिनं परत म्हटलं, आणि तिचं हसू थांबलं. मी पत्रक पुढं केलं. तिनं ते पूर्ण वाचलं, बोट ठेवून. मग उलटं करून मागची बाजू बघितली. कोरी होती.

“यात म्या कुठंय?”

मी पत्रकाची घडी करून ते पिशवीत ठेवलं.

“वन्सं, त्या यंत्रावर माझा राग न्हाय. त्यानं मला इचारलं तरी. मला कळलं न्हाय ती गोष्ट येगळी. तुमच्या दादानं म्या चोर असं आधीच ठरवून फोन केला.” तिनं दोरा तोंडानं तोडला. “आता तुम्ही पुरावा आणलात, म्हणून म्या खरी. न्हाय सापडला असता तर?”

“दादाला फार वाईट वाटतंय, वैनी. त्याचा फोन तरी घ्या.”

“वाटणारच. माणूस वाईट न्हाय तो.” तिनं सुईत नवा दोरा ओवला. “सोनारीला चार लोकांत मला उभं केलं. आता फोनवर हळूच म्हणत्यात, चुकलं. त्या चार लोकांना कोण सांगणार? आत्या येतील व्हय हितं? आण्णा येतील?”

मी म्हटलं, मी आणीन त्यांना.

मी आणू शकले नाही. आई म्हणते, सासूनं सुनेच्या दारात जाऊन काय पाया पडायचं? आण्णा म्हणतात, पत्रकात चूक दुरुस्त केलीच आहे, वैयक्तिक गोष्टी चव्हाट्यावर आणणं बरं नाही. दादाचा करार अजून संपायचा आहे. तो आता पैसे स्वतः रांगेत उभा राहून पाठवतो. दोनदा त्यानं तिच्यासाठी वेगळे पाठवले, दोन्ही वेळा तिनं ते माझ्या हाती परत केले. मागच्या भेटीत मी तिला घरी चला म्हटलंच नाही. तिनं मला एक ब्लाउज शिवून दिला आणि गाडीपर्यंत सोडायला आली. गाडी सुटताना वन्सं म्हणण्याऐवजी तिनं मला माझ्या नावानं हाक मारली. पहिल्यांदाच. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मला कळलं, की आमचं नातं तिनं मोडलं नाही, फक्त त्यातून आमचं घर काढून टाकलंय.

म्हणून वाचणाऱ्या तुम्हाला माझी विनंती आहे. तुमचं कुणी परदेशात असेल, किंवा तिकडचं कार्ड इकडं वापरत असेल, तर आज त्याला फोन करा आणि सांगा, की यंत्रानं रूपांतराचं विचारलं तर नको म्हण, नको म्हटलं तरी पैसे येतात. आपापल्या बँकेला एक अर्ज लिहा, की हा प्रश्न परदेशी कार्डालाही मराठीत विचारा. हे सोपं आहे, हे करालच. पण तुमच्या घरात असल्या एखाद्या न जुळलेल्या फरकासाठी कुणा बाईकडं बोट दाखवलं गेलं असेल, आणि नंतर ती खरी निघाली असेल, तर फोनवर चुकलं म्हणून मोकळे होऊ नका. ज्यांच्यासमोर तिला विचारलं होतं, त्या सगळ्यांना बरोबर घ्या, तिच्या दारात जा आणि त्यांच्यादेखत सांगा. हे वाचून झालं की लगेच निघा.